जर्मनीत परीक्षेची नोंदणी हुकू नये म्हणून

जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत एखाद्या विषयाच्या तासांना नाव घातले म्हणजे परीक्षेलाही नाव लागले असे होत नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. आपल्याकडे फॉर्म भरायची सूचना फलकावर लागते, वर्गात चर्चा होते. तिथे ही जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्याची असते.

१. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होताच परीक्षा कार्यालयाच्या, म्हणजे प्र्युफुंग्सआम्टच्या, संकेतस्थळावरून प्रत्येक विषयाच्या तीन तारखा उतरवून घ्याव्यात: नोंदणी सुरू, नोंदणी बंद आणि नाव मागे घेण्याची शेवटची तारीख.

२. या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधीची आठवण लावावी, कारण शेवटच्या रात्री पोर्टल अडले तर कार्यालयात फोन उचलायला कोणी नसते.

३. नोंदणी होताच ‘आंगेमेल्डेट’, म्हणजे ‘नोंदणी झाली’, असे दाखवणारे पान पीडीएफ करून जपून ठेवावे. यादीत नाव नसल्याचे ऐनवेळी कळले, तर हाच कागद कामी येतो.

तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव अवश्य मागे घ्यावे. नोंदणी करून गैरहजर राहिल्यास सहसा नापास धरतात आणि अनेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात. आजारी पडल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लगेच कार्यालयात पोचवावे.