घोडा घेताय? आधी त्याच्या एका धावेचा हिशेब काढा

पुण्याच्या रेसकोर्सवरच्या एका तबेल्याची वही मी लिहिते. दाणा, गवत, नालबंद, डॉक्टर, सईसांचे पगार, मालकांची बिलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पावसाळी सीझन जवळ आला की फोन सुरू होतात. "ताई, आम्ही चौघं मित्र मिळून घोडा घ्यायचं म्हणतोय, महिन्याला किती पडेल?" तो आकडा कुठलाही ट्रेनर एका दमात सांगेल. त्याच्यावरून तुम्हाला काहीच कळणार नाही. घोडा पळो न पळो, खर्च रोज होतो. पैसे मात्र पळाला आणि वरच्या नंबरात आला तरच. म्हणून विचारायचं ते असं: एका धावेला किती पडेल?

हा आकडा काढायला एक साधी वही घ्या आणि तीन पानं आखा.

पहिल्या पानावर रोजचा खर्च. रेसचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा. दाणा आणि सुका चारा मिळून तो रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास खातो, म्हणजे दहा किलो धरा. वर्षाला साडेतीन टनांच्या वर जातं. त्यात ओट्स, थोडं बार्ली, गव्हाचा कोंडा, सुकं गवत, हिरवा लसूणघास, गाजर, मीठ. उन्हाळ्यात हिरव्याचा भाव चढतो, तेव्हा जानेवारीचा दर बारा महिन्यांना लावू नका. खाली अंथरायला पेंढा किंवा लाकडाचा भुसा लागतो आणि तो रोज बदलावा लागतो. लीद नर्सरीवाले उचलून नेतात, पण त्याचं उत्पन्न म्हणाल तर तबेल्याचा चहासुद्धा भागत नाही.

पण नवे मालक चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या भावावरच अडून बसतात आणि माणसांचा खर्च विसरतात. एक सईस दोन-तीन घोडे सांभाळतो. खरारा, पाणी, बँडेज, फिरवणं, रात्रीचा खुराक हे सगळं त्याच्याकडे. शिवाय पहाटे घोड्यावर बसणारा रायडिंग बॉय, सईसांवर देखरेख ठेवणारा जमादार, आणि ट्रेनरची स्वतःची फी. या खर्चात हात आखडता घेणारा मालक मला आवडत नाही, कारण तुमचा सगळ्यात मोठा खर्च वाचवतो तो सईसच.

कसा ते सांगते. पहाटे उजाडायच्या आत तो आधी गव्हाणीत हात घालतो. रात्रीची चंदी चाटूनपुसून संपली असेल तर पुढे. अर्धी राहिली असेल तर घोड्याला बाहेर काढायच्या आधी जमादाराला सांगतो: "रात्रीचं टाकलंय." मग खाली बसून पुढच्या पायांवरून, गुडघ्यापासून खाली तळहात फिरवतो, एका पायावरून, मग दुसऱ्यावरून. दोन्ही पाय सारखे गार लागले पाहिजेत. एक जरा गरम लागला तर त्या दिवशी गॅलप नाही, फक्त चालवणं. तो गरमपणा कळला नाही आणि घोडा तसाच जोरात पळवला, तर पायाची नस, म्हणजे कंडरा, सुजते, आणि ती बरी व्हायला महिने लागतात, कधी वर्ष. ते सगळे महिने बिल तुमच्या नावावर.

दुसरं पान ठरावीक मुदतीने येणाऱ्या खर्चाचं. इथे फार वेळ घालवू नका, फक्त काही सुटू देऊ नका. नाल तीन-चार आठवड्यांनी बदलते. रेसला हलकी ॲल्युमिनियमची लागते. जंताचं औषध, फ्लू आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदोनदा कानशीने दात घासून घेणं, लागेल तेव्हा एक्स-रे. पावसाळ्यात माश्या आल्या की सर्राची, म्हणजे माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्ताच्या आजाराची धास्ती, म्हणजे रक्ततपासणी. रेसची एन्ट्री आणि जॉकीची फी वेगळी. आणि वर्षातून दोनदा गाडीभाडं, कारण घोडे दोन गावांचे रहिवासी आहेत: पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स.

तिसरं पान बहुतेक लोक आखतच नाहीत: न पळण्याचे दिवस. मुंबईचा सीझन एप्रिलच्या सुमारास संपतो, पुण्याचा जुलैच्या आसपास सुरू होतो. मधल्या दिवसांत रेस नाही, बिल आहे. एकदा पळाल्यावर घोडा पुन्हा तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, शिवाय त्याच्या वर्गाची, त्याच्या अंतराची रेस त्या दिवशी असावी लागते. वर्षाच्या सुरुवातीला लिलावात दोन वर्षांचं शिंगरू घेतलंत, तर त्याला खोगीर-लगामाची सवय लावणं, हळूहळू काम वाढवणं, रेस जिथून सुटते त्या गेटमध्ये उभं राहायला शिकवणं यातच बरेच महिने जातात. पुढच्या हिवाळ्यात मुंबईला पहिली रेस झाली तर नशीब. तोवरचा प्रत्येक महिना याच पानावर लिहा.

आता बेरीज. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा सगळं मिळून महिन्याला साठ हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. घोडा वर्षात सहा वेळा पळाला, तर एका धावेला १ लाख २० हजार. घोडा नऊ लाखांना घेतला असेल आणि तीन वर्षं पळेल असं धरलं, तर वर्षाचे तीन लाख आणखी. एक धाव झाली १ लाख ७० हजारांची. पाय दुखावून तो तीनदाच पळाला, तर बिल जवळपास तेवढंच राहतं आणि धाव ३ लाख ४० हजारांवर जाते. दाण्यात दोन रुपये वाचवून हा आकडा हलत नाही.

मग रेसपत्रिकेत तुमच्या घोड्याच्या वर्गातल्या रेसची बक्षिसं बघा. पहिल्या नंबरची रक्कम बघून हुरळू नका. तिसऱ्या-चौथ्याची बघा, कारण घोडे जास्त वेळा तिथेच येतात. त्यातून ट्रेनरचा, जॉकीचा टक्का वजा करा. घोडा जिंकला तर हँडिकॅपर, म्हणजे कुठल्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचं ते ठरवणारा, त्याचं रेटिंग वाढवतो, म्हणजे पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन किंवा वरचा वर्ग. तेव्हा एक जिंकली म्हणून लगेच दुसरी धरून चालू नका. बक्षिसांचा बराचसा पैसाही शेवटी बेटिंगमधूनच येतो, आणि त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. बक्षिसं दरवर्षी वाढत जातील असं गृहीत धरून कोणी हिशेब मांडून दिला तर तो कागद परत करा.

कराचंही आधीच समजून घ्या. घोडे पाळण्यातला तोटा तुमच्या पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे तो फक्त रेसच्या घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा होतो आणि पुढची चार वर्षंच ओढता येतो, तेही घोडे पाळणं चालू असेल तर. घोड्याची किंमत त्या तोट्यात धरली जात नाही. "तोटा झाला तर टॅक्समध्ये वाचेल" असं सांगणारा मित्र असेल तर सहीच्या आधी त्याला तुमच्या सीएसमोर बसवा.

भागीदारीत घेणार असाल तर चार जणांत एकाच्या हाती चेकबुक द्या आणि प्रत्येकाकडून तीन महिन्यांचं बिल आगाऊ जमा करून घ्या. घोडा पळत असतो तोवर सगळे वेळेवर देतात. तो पाय धरून उभा राहिला की एकाचं लग्न निघतं, दुसऱ्याचा फ्लॅट. आणि डॉक्टरच्या मोठ्या खर्चाला हो म्हणायचा अधिकार कोणाला हे आधीच लिहून ठेवा. रात्री अकराला पोटशूळ उठलेल्या घोड्यासमोर चौघांचा ग्रुप कॉल लावत बसायला वेळ नसतो.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर एक रक्कम दरमहा बाजूला टाका. घोडा पळतो पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत, फार तर थोडं पुढे. जगतो पंचवीसच्या आसपास. चांगल्या रक्ताच्या घोडीला पैदाशीसाठी स्टड फार्म विचारतं. खच्ची केलेल्या घोड्याला तो रस्ता बंद, मग रायडिंग स्कूल किंवा कोणाचं शेत. तिथेही तो रोज खाणारच आहे, आणि ते कोण भरणार हे आमच्या ट्रेनरसाहेबांना तुम्ही घोडा घेतानाच सांगायचं.