कॉन्फिगची स्ट्रिंग वाचताना: पहिल्या नोकरीतल्या डेव्हलपरसाठी

कॉन्फिग, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग्ज, वाचायचं काम टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाकडे हमखास येतं. ते हलक्यात घेऊ नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या नाव-किंमत जोड्यांमधून) येतं ते सगळं स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, असतं. तिचा आकडा, यादी किंवा हो-नाही करणं तुमच्याकडे. हे सगळं प्रोग्राम सुरू होतानाच, एकाच फंक्शनमध्ये करा. पुढच्या कोडला कच्ची स्ट्रिंग दिसताच कामा नये.

पायथॉनचंच घ्या. डीबग बंद करायला कुणी "फॉल्स" लिहिलं आणि कोडने ते थेट बूल फंक्शनला (हो-नाही करणाऱ्या) दिलं, की उत्तर ट्रू! रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग तिथे ट्रूच असते. म्हणून चालणारे शब्द आधी ठरवा: ट्रू, फॉल्स, १, ०. बाकी काहीही आलं तर प्रोग्राम सुरूच होऊ देऊ नका. "नाही कळलं तर फॉल्स धरू" ही पळवाट वाईट, कारण स्पेलिंग चुकल्याचं कुणाला कळतच नाही.

पोर्टसाठी इंट वापरल्यावर १ ते ६५५३५ ही मर्यादाही तपासा. पायथॉनचा इंट फार उदार आहे. मागच्यापुढच्या स्पेस, मधली अंडरस्कोर, एवढंच काय, मराठी कीबोर्डवरून टाइप झालेला देवनागरी "८०८०"सुद्धा तो मुकाट्याने घेतो. तीच किंमत गो भाषेतला प्रोग्राम वाचायला गेला की अडतो.

कॉन्फिग फाइलमधली "नाव=किंमत" अशी ओळ = वर तोडताना फक्त पहिल्या = वर तोडा; बेस-६४ मधल्या (बाइट्स अक्षरांत लिहायची पद्धत) कीच्या शेवटी = असू शकतं. रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली तर रिकामी यादी मिळत नाही, एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी मिळते. "यादी रिकामी नाही ना" ही तपासणी मग खुशाल पास होते. टाइमआउटचं एकक, सेकंद की मिलिसेकंद, सेटिंगच्या नावातच लिहा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो डेटाबेसचा यूआरएल. त्यात यूजर:पासवर्ड@होस्ट असा क्रम असतो. समजा पासवर्ड "तीळ/गूळ" आहे. / दिसताच होस्टचा भाग संपला असं पार्सर (यूआरएलचे तुकडे पाडणारा कोड) धरतो, यूजरचं नाव होस्ट ठरतं आणि "तीळ" पोर्टच्या जागी जातो. पोर्ट विचारला की एरर येते: 'तीळ' हा पूर्णांक नाही. तुम्ही पोर्ट शोधत बसता, चूक असते पासवर्डमध्ये. आणि पासवर्डचा अर्धा तुकडा लॉगमध्ये जाऊन बसलेला असतो. यावर उपाय म्हणजे पासवर्ड पर्सेंट-एन्कोड करणं, म्हणजे / सारख्या खास चिन्हांऐवजी % आणि त्यांचा कोड लिहिणं. पायथॉनचं क्वोट फंक्शन / ला मुळात हात लावत नाही, म्हणून त्याच्या सेफ पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्या. आणि अशी एरर पकडून सेटिंगचं फक्त नाव छापा, किंमत नाही.

पहिल्या चुकीवर थांबू नका. सगळ्या चुका गोळा करून एकदम दाखवा, नाहीतर डिप्लॉय करणाऱ्याला दर चुकीमागे एक फेरी पडते. फंक्शनने एन्व्हायर्नमेंट स्वतः वाचू नये, त्याला डिक्शनरी द्यावी. मग वरची प्रत्येक स्ट्रिंग एकेका ओळीच्या टेस्टमध्ये तपासता येते.