डेंटिंग-पेंटिंग झालं पण दरवाजा वेगळाच दिसतोय? शेड मॅच कसा करून घ्यायचा

सगळ्यात आधी गाडी धुवा, मग गॅरेजवाल्याशी भांडायला जा. खरंच सांगतोय. जुन्या पॅनलवर काही वर्षांची धूळ, डांबराचे ठिपके, वॅक्सचे थर साचलेले असतात आणि शेजारी कालचा ताजा क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक चमकदार थर), मग फरक दिसणारच ना. शाम्पूने नीट धुऊन जुन्या पॅनलच्या एका कोपऱ्यात हाताने थोडं कंपाउंड (रंग उजळायची घासायची पेस्ट) घासून बघा. बऱ्याचदा शेड बरोबरच असतो, जुना पेंट उन्हाने मंद पडलेला असतो आणि काम कंपाउंड-पॉलिशवर भागतं.

तेवढ्याने नाही भागलं तर फरक नक्की कसला आहे ते ओळखायचं. आणि हे गॅरेजच्या लाइटखाली करू नका, ते म्हणजे साडीच्या दुकानातल्या लाइटमध्ये मॅचिंग ब्लाउजपीस निवडण्यासारखं आहे, घरी आल्यावर कळतं. रंगात वापरलेले पिगमेंट वेगळे असले तर ट्यूबलाइटखाली दोन पॅनल जुळतात आणि उन्हात फाटून दिसतात. गाडी उघड्यावर काढा, सकाळच्या उजेडात, आणि पॅनलकडे एकदा सरळ समोरून, एकदा तिरकं आणि एकदा अगदी कडेने बघा. सगळीकडून सारखाच फरक दिसला तर रंगाचं मिक्सिंगच चुकलंय. समोरून जुळतंय पण कडेने काळपट किंवा पांढरट मारतंय तर मेटॅलिक रंगातले चमकीचे कण नीट बसलेले नाहीत, तिथे नवीन रंग बनवून उपयोग नाही, स्प्रे गन चालवणाऱ्याचा हात बदलायला हवा.

सिल्व्हर आणि ग्रे गाड्यांचा त्रास सगळ्यात जास्त. त्या रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. कोट कोरडा बसला की ते आडवे पडतात आणि रंग समोरून उजळ दिसतो, ओला बसला की आत बुडतात आणि रंग गडद होतो. म्हणजे डबा एकच, पेंटर एकच, पण प्रेशर कमी-जास्त झालं, गन लांब धरली, थिनर चुकीचा पडला की शेड बदलला. पर्ल व्हाइट त्याहून वाईट, त्यात खाली पांढरा बेस, मग पर्लचा कोट, मग क्लिअर असे तीन थर असतात आणि पर्लचा एक कोट जास्त झाला तरी पॅनल वेगळं दिसतं. साधा सॉलिड व्हाइट किंवा काळा असेल तर तुम्ही नशीबवान. लाल-पिवळ्यात खालच्या प्रायमरचा (रंगाआधी मारतात त्या थराचा) रंग वर डोकावतो, म्हणून तिथे प्रायमर कुठल्या रंगाचा मारला ते विचाराच.

बंपरचं मात्र वेगळं आहे. बॉडीचा पत्रा कंपनीत साधारण 140 डिग्रीला भाजतात, प्लास्टिकचा बंपर तेवढी उष्णता सहन करत नाही म्हणून तो वेगळा आणि कमी तापमानाला रंगवतात, त्यामुळे कोऱ्या गाडीतसुद्धा बंपर आणि फेंडरमध्ये (पुढच्या चाकावरच्या पत्र्यात) बारीकसा फरक असू शकतो. हात न लावलेला मागचा बंपर बघा, तिथेही तेवढाच फरक असेल तर तो सोडून द्या.

आता दुरुस्ती. पेंट कोड दरवाजाच्या पिलरवर किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर असतो, तो सांगितला की काम झालं असं पेंटर सांगेल, पण एका कोडचे थोडे उजळ, थोडे निळसर असे व्हेरियंट असतात, शिवाय तुमची गाडी काही वर्षं उन्हात उभी राहिलेली आहे. म्हणून पेट्रोल भरायच्या जागेवरचं बाहेरचं रंगवलेलं झाकण काढून मिक्सिंगवाल्याकडे न्यायला सांगा, तेही पॉलिश करून. आणि गाडीवर मारायच्या आधी एका कार्डावर तोच रंग त्याच गनने मारून, वर क्लिअर देऊन, वाळवून गाडीशेजारी धरून बघायचा. क्लिअर न दिलेल्या कार्डावर विश्वास ठेवू नका, क्लिअरखाली रंग बदलून दिसतो.

पण खरी गोष्ट ही की एवढं करूनही शंभर टक्के शेड जुळत नाही, डोळ्याला फसवावं लागतं, त्यालाच ब्लेंडिंग म्हणतात. समजा पुढचा डावा दरवाजा ठोकला होता. तर दरवाजावर पूर्ण रंग, आणि तोच रंग फेंडरवर आणि मागच्या दरवाजावर जोडाकडे थोडा जास्त, पुढे विरळ विरळ करत संपवायचा, मग त्या दोन्ही पॅनलवर कडेपर्यंत पूर्ण क्लिअर. फरक एका रेषेवर न येता हातभर जागेत पसरतो आणि डोळ्याला सापडतच नाही. त्यासाठी शेजारच्या पॅनलचा जुना क्लिअर 800 ते 1000 नंबरच्या पेपरने मंद करून घेतात, हँडल आणि बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी) काढतात. टेप लावून भागवलं तर कडेला रेघ राहते आणि काही महिन्यांनी तिथूनच साल निघायला लागते. क्लिअर पॅनलच्या मध्येच थांबवू देऊ नका, जोड नंतर दिसतोच. क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, छताला मिळतो तिथे थांबवावं लागतं, पण तिथेही पिलरच्या सगळ्यात अरुंद जागी.

शेजारच्या चांगल्या पॅनलला कशाला हात लावायचा असं आपल्यालाच वाटतं, गॅरेजवाल्याला तर वाटतंच कारण माल आणि मजुरी दोन्ही वाढते, आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणतो की डॅमेज फक्त दरवाजाचं आहे. मेटॅलिक किंवा पर्ल असेल तर ब्लेंडिंगचं एस्टिमेटमध्ये आधीच लिहून घ्या, काम झाल्यावर कोणी मान्य करत नाही. नेहमीच्या पॉलिसीत पेंटिंगच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात, आणि बिल एकत्र असेल तर त्यातले 25 टक्के मटेरियल धरतात. म्हणजे 8,000 च्या पेंटिंग बिलात मटेरियल 2,000 आणि तुमच्या खिशातून 1,000. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, असेल तर हेही वाचतं.

रस्त्याकडेच्या गॅरेजात करणार असाल तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग नको, हार्डनर मिसळून कडक होणारा पीयू (पॉलीयुरेथेन) क्लिअर मागा, एनसीची चमक उतरते आणि मग कितीही मॅच केलेला शेड वर्षभरात वेगळा पडतो. आणि बूथ (रंग मारायची बंद खोली) नसेल तर पावसाळ्यात काम काढूच नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसा जा, रात्री आठला 'तयार आहे' म्हणून फोन आला तरी. फक्त धूळ बसली असेल किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर 2000 च्या पेपरने घासून कंपाउंड करता येतं, मात्र क्लिअर साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो, फार रगडू देऊ नका. महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग नको. आणि निघताना मिक्सिंगच्या फॉर्म्युल्याची चिठ्ठी आणि उरलेला बेसकोट (क्लिअरखालचा रंग) छोट्या बाटलीत मागून घ्या, झाकण घट्ट लावलं तर खडी उडून पडलेले टवके त्यातून भरता येतात.