खारट पाण्याचा भाताच्या रोपावर होणारा परिणाम कुंडीत कसा तपासावा

इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पाऊसच क्षार धुऊन नेतो. पण निफाडकडे बारमाही ओलिताखालच्या काळ्या जमिनीवर काही ठिकाणी क्षारांची पांढरी फुली येते, आणि तिथे भात घेण्यापूर्वी ही चाचणी जरूर करावी. बी उगवले म्हणजे पाणी चालते, असा समज करून घेऊ नये. उगवताना भात क्षार बऱ्यापैकी सोसतो. दोन-तीन पानांचे रोप मात्र फार हळवे असते.

तळाला भोके असलेल्या चार कुंड्यांत आपल्याच शेतातली माती भरून प्रत्येकीत इंद्रायणीचे दहा-बारा दाणे पेरावेत आणि रोपांना तीन पाने येईपर्यंत गोडेच पाणी द्यावे. त्यानंतर एका कुंडीला गोडे पाणी चालू ठेवून उरलेल्या तिघींना लिटरमागे दीड, तीन आणि साडेचार ग्रॅम मीठ विरघळवलेले पाणी द्यावे. या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, साधारण पावणेतीन, साडेपाच आणि आठ डेसीसायमन प्रति मीटर भरते. पहिले तीन दिवस निम्मीच मात्रा द्यावी. मी एकदा पूर्ण मात्रा एकदम दिली, तेव्हा रोपे धक्क्यानेच कोलमडली आणि क्षारांचा खरा परिणाम कळलाच नाही. दर वेळी तळातून थोडे पाणी निथळेल इतके ओतावे, नाहीतर बाष्पीभवनाने मातीत मीठ साठून मोजमाप चुकते.

प्रथम वाढ मंदावते, कारण खारट मातीतून मुळांना पाणी ओढणे जड जाते. सोडियम साचू लागला की खालच्या, जुन्या पानांची टोके पांढुरकी पडतात, कडा आत वळतात, आणि ते टोक बोटांत चोळले तर कागदासारखे चुरते. वरचे कोवळे पान मात्र हिरवे राहते, कारण रोप सोडियम जुन्या पानांत अडवून ठेवते. म्हणून नोंद खालच्या पानापासून सुरू करावी. तीन आठवड्यांनी उंची, फुटवे आणि धुतलेल्या मुळांची लांबी गोड्या पाण्याच्या कुंडीशी ताडून पाहावी.

मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता तीन डेसीसायमनच्या पुढे गेली की भाताचे उत्पादन घटू लागते, आणि फुलोऱ्यात ताण आला तर लोंबीत पळींज (पोकळ दाणे) वाढते. अशा शेतात आवणीला (रोपे लावायला) पंचवीस-तीस दिवसांची जून रोपे घ्यावीत, एका चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) तीन-चार ठेवावीत आणि क्षार धुऊन जावेत म्हणून आधी गोडे पाणी साठवून ते चरातून बाहेर काढावे. जिप्सम चोपण, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या, जमिनीसाठी असते. केवळ खारवट जमिनीत त्यावर खर्च करू नये.