नव्ह शापेल कसं बघावं

उत्तर फ्रान्समधलं नव्ह शापेल हे छोटं शेतकरी गाव बघायचं तर आधी जमीन बघा. लिलमधून माझ्याकडचे पाहुणे घेऊन जाते तेव्हा मी गाडी शेताच्या कडेला थांबवते आणि एक ढेकूळ हातात घ्यायला सांगते. चिकणमाती, बोटांना घट्ट धरून बसणारी. इथं थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून पहिल्या महायुद्धात इथले खंदक सारखे पाण्यानं भरायचे आणि सैनिकांना जमिनीवर मातीच्या पोत्यांच्या भिंती रचाव्या लागायच्या. आता पूर्वेला बघा: ओबेरची टेकडी. टेकडी कसली, नुसता उंचवटा! पण अशा सपाटीत तेवढ्यावरूनही सगळं दिसतं, त्यामुळे लढाई तिच्यासाठीच झाली.

१० मार्च १९१५ ला सकाळी साडेसातला जर्मनांवर ब्रिटिश तोफा सुरू झाल्या. हल्ला करणाऱ्यांत निम्मे सैनिक भारतीय होते. गाव हाती आलं, टेकडी मात्र नाही.

मग ला बासे रस्त्यावरच्या चौकात या. इथलं भारतीय स्मारक १९२७ चं. उंच स्तंभावर कमळ, पायथ्याशी दोन दगडी वाघ. घाईनं फोटो काढून निघू नका. गोल भिंतीवर ज्यांना कबरही मिळाली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं आहेत. गढवाल रायफल्सचे गबरसिंग नेगी शोधा, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले. मग दगडावर बोट ठेवून दहा तरी नावं मोठ्यानं वाचा. मी दर वेळी वाचते.