फुगणारा राक्षस: आधी हवा काढायचं बघा

बाहुल्यांच्या खेळात एखादी वस्तू डोळ्यांदेखत फुगत वर आली की मुलं जागच्या जागी उड्या मारतात. पण असं काही करायचंय म्हणून कुणी विचारायला आलं, की माझा पहिला प्रश्न एकच असतो: हे रिकामं कसं करणार? फुगवणं कुणालाही जमतं. राक्षस मेला, पुढचा प्रवेश सुरू झाला आणि अर्धवट हवेचं त्याचं धूड मंचावर तसंच लोळतंय, म्हणजे सगळा विचका. कापडाला कात्री लावायच्या आधी हवेची बाहेर जायची वाट ठरवा.

हात बसायला बेडकाचा गळा करून बघा. हातबाहुलीच्या हनुवटीखाली छोटा फुगा, त्याला मीटरभर बारीक लवचिक नळी आणि दुसऱ्या टोकाला बिनसुईची ५० मिलीची सिरिंज. तेवढ्या हवेचा गोळा साडेचार सेंटीमीटर रुंद होतो. हाताएवढ्या बेडकाला पुरे. फुग्याचं तोंड नळीवर चढवून दोऱ्याचे घट्ट वेढे द्या, वरून चिकटपट्टी. फुगा मात्र कोरा लावू नका. कोरं रबर आधी अडून बसतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे गळा हळूहळू भरण्याऐवजी टुणकन बाहेर येतो. आधी दोन-तीनदा भरपूर फुगवून सोडला की नरम पडतो. ‘डराँव’ म्हणतानाच दट्ट्या दाबा, कारण खऱ्या बेडकाचा गळाही ओरडतानाच फुगतो. दट्ट्या मागे ओढला की गळा चपटा. इथे रिकामं करायची चिंता नाही, म्हणूनच सुरुवात इथून. नळी फार लांब घेतलीत तर आतली हवाच दबत राहते आणि गळा हाताच्या मागे पडतो. रबर लवकर विरतं, तेव्हा प्रत्येक खेळाला नवा फुगा लावा. फुटलेले तुकडे लगेच वेचा, लहान मुलं ते तोंडात घालतात.

आता राक्षस. दीड मीटर उंच आणि ३० सेंटीमीटर जाड धड धरू. परीघ ९४ सेंटीमीटर, म्हणून शिवणीसकट ९६ सेंटीमीटर रुंद कापड. छत्रीचं किंवा पतंगाचं पातळ नायलॉन घ्या. सुती कापडातून हवा गळते आणि ते जडही होतं. बारीक टाक्यांची दुहेरी शिवण मारा. शिवणीतून थोडी हवा जाणारच, जाऊ द्या. पंखा चालू असेपर्यंत धड ताठ राहतं आणि जास्तीचा दाब आपोआप सुटतो. डोळे, दात, शिंगं त्याच कापडाची किंवा पातळ फोमची करा. डोकं जड झालं की राक्षस मान टाकतो.

या धडात शंभर लिटरच्या वर हवा मावते. कॉम्प्युटरमधला चपटा पंखा हवा भरपूर फेकतो, पण समोरून दाब आला की ढेपाळतो. त्यापेक्षा गोगलगायीच्या शंखासारखा गोल ब्लोअर घ्या, १२ व्होल्टचा. त्याचा आवाज होतो, त्यावर माझा उपाय: ब्लोअर प्रवेशाच्या बराच आधी सुरू करायचा आणि ब्लोअरवर चढवलेलं धडाचं खालचं तोंड मुठीत आवळून ठेवायचं. घरघर कानांना सवयीची होते. मग ऐन क्षणी मूठ सोडायची. ब्लोअरवर पांघरूण घालून आवाज दाबू नका, हवा घ्यायची वाट बंद होते.

रिकाम्या धडाच्या घडीचाही विचार हवा, नुसतं कोंबून चालत नाही. गुंडाळी केली तर ती आडवी उलगडते. मी राक्षसाचं डोकं आत ढकलत धड स्वतःच्याच पोटात उलटं करून ठेवते. हवा भरली की ते टोकाशी उलगडत सरळ वर वाढतं आणि डोकं सगळ्यात शेवटी, भस्सकन बाहेर!

१९२७ साली न्यूयॉर्कच्या मेसीज परेडमधल्या, म्हणजे मेसीज या मोठ्या दुकानाच्या मिरवणुकीतल्या, पहिल्या महाकाय फुग्यांची रचना टोनी सार्ग या कळसूत्री बाहुल्यांच्या कलावंताने केली. कळसूत्री बाहुलीला दोऱ्या वरून, तर हवेत तरंगणाऱ्या अशा फुग्यांना खालून. आपल्या राक्षसाचीही दोरी खालूनच, फक्त पोटातून. टाळूला आतून मजबूत पट्टी शिवून तिला दोरी बांधा आणि तळाशी पक्क्या छोट्या भोकातून बाहेर काढा. तळाजवळ मागच्या बाजूला वीसेक सेंटीमीटरची फट ठेवून तिला वेल्क्रो लावा. राक्षस मेला की ब्लोअर बंद, वेल्क्रो फर्रकन उघडा, दोरी ओढा. डोकं पोटात जातं, हवा फटीतून निघते आणि धड पुढच्या खेळासाठी आयतंच उलटं होऊन बसतं. ब्लोअर चालू असताना ओढाल तर हात दुखतील आणि पट्टी उसवेल.

आतून उजेड हवा असेल तर फिकट कापड आणि तळाशी वर तोंड करून एलईडी. तापणारा बल्ब नायलॉनजवळ बिलकुल नको. राक्षस मरताना मोठ्ठा फुगा फोडायचाही मोह होतो. मी फोडत नाही. पुढच्या रांगेतली चिमुरडी रडायला लागली की पुढची वाक्यं कुणालाच ऐकू येत नाहीत.

तालमीत रिकामं करायचा सराव फुगवण्यापेक्षा जास्त करा, तोही अंधारात, कारण खेळात वेल्क्रो हातानेच चाचपून शोधावा लागतो. फटीच्या टोकाला एक गाठ शिवून ठेवा, बोटांना पटकन सापडते.