कुटुंबासाठी कॅनव्हासचा तंबू कसा निवडावा

कॅनव्हासचा तंबू घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची नजर आधी आकारावर जाते, मग रंगावर, मग ‘किती जणांचा’ या आकड्यावर. माझं सांगणं असं की सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पाऊस झाला आणि तंबू ओलाच गुंडाळून घरी आणावा लागला, तर तो कुठे पसरून वाळवणार? या प्रश्नाला तुमच्याकडे जे उत्तर असेल, त्यावरून कापड ठरतं, माप ठरतं आणि कधीकधी कॅनव्हास घ्यायचा की नाही हेसुद्धा ठरतं.

सुती कापडाला पावसाचं भय नसतं, बुरशीचं असतं. ओला तंबू पिशवीत एक-दोन दिवस राहिला की काळे ठिपके उमटू लागतात आणि कुबट वास धरतो. ते डाग नंतर कितीही घासले तरी पुरते जात नाहीत, शिवाय बुरशी धागाच खाते, त्यामुळे कापडाचा जोर कमी होतो.

एवढी काळजी घ्यायची तर कॅनव्हास हवाच कशाला? कारण त्यात झोप चांगली लागते. रात्रभर चार-पाच माणसांच्या श्वासातून बाहेर पडणारी वाफ लेप दिलेल्या कृत्रिम कापडाच्या तंबूत छताला थेंब होऊन लटकते आणि सकाळी पांघरुणं ओलसर लागतात. कॅनव्हासच्या विणीतून त्यातली बरीचशी वाफ निघून जाते. वाऱ्यात जड कापड कमी फडफडतं, दुपारी आत कमी कोंडतं. लहान मुलं बरोबर असतील तर या गोष्टींनी सुट्टी बरी किंवा वाईट होते.

आधी वजनाचा हिशोब मांडा

समजा, ५ मीटर व्यासाचा, मधोमध एक खांब असलेला गोल तंबू आहे. मधली उंची ३ मीटर आणि कनात, म्हणजे खालची उभी भिंत, ६० सेंटिमीटर. छप्पर आणि कनात मिळून साधारण ३७ चौरस मीटर कापड होतं. दर चौरस मीटरला २८५ ग्रॅमचं कापड असेल तर नुसतं कापडच साडेदहा किलो, ३६० ग्रॅमचं असेल तर सव्वातेरा किलो. शिवणीचे पदर आणि पट्ट्या वेगळ्या. आता खालची ग्राउंडशीट बघा. ती पीव्हीसीची, ५४० ग्रॅमची असेल तर तीही साडेदहा किलोच्या घरात जाते. म्हणजे जमिनीवरचं अंथरुण आणि डोक्यावरचं छप्पर जवळजवळ सारख्याच वजनाचं! त्यावर खांब, मेखा, दोऱ्या आणि पिशवी. सगळं धरून ३० किलोच्या पुढे जातं, आणि हे कोरड्या तंबूचं वजन आहे. भिजलेला तंबू उचलायला दोन मोठी माणसं लागतात असंच धरून चाला.

हा हिशोब केल्यावर दोन गोष्टी विक्रेत्याला विचारा: बांधलेल्या पिशवीची लांबी किती, आणि खांब, कापड व ग्राउंडशीट वेगवेगळ्या पिशव्यांत येतात का. गाडीच्या डिकीत पिशवी आडवी बसते का हे टेप लावून मोजा. मुलांचं सामान, गाद्या आणि शेगडी ठेवून उरेल तीच तंबूची जागा.

माप: आकड्यावर नाही, गादीवर

‘सहा जणांचा’ या शब्दांचा अर्थ एवढाच की सहा माणसं खांद्याला खांदा लावून आडवी होऊ शकतात. एकेकाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी मिळते. बॅगा, बूट, ओले कपडे, रात्री उठून बाहेर जायची वाट, यांपैकी काहीच त्या आकड्यात धरलेलं नसतं. कुटुंबासाठी लिहिलेल्या आकड्याच्या निम्मी माणसं धरा. चार जणांना ‘आठ जणांचा’ तंबू मोठा होत नाही.

याहून पक्की रीत म्हणजे तंबू घेण्याआधी तो जमिनीवर आखणं. मोकळ्या जागेत मधोमध खुंटी ठोका, अडीच मीटरची दोरी बांधून खडूने वर्तुळ काढा आणि आत खरोखरच्या गाद्या टाका. १४० सेंटिमीटरची मोठी गादी, मुलांच्या दोन लहान गाद्या, मधे खांब. मग मुलांना आत झोपायला सांगा आणि स्वतः बॅगा कुठे ठेवाल ते बघा. ५ मीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १९.६ चौरस मीटर भरतं, ४ मीटरच्या १२.६. व्यासात एकाच मीटरचा फरक, पण आत वावरताना तो फार मोठा वाटतो.

कागदावर न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे छताचा उतार. वरच्याच मापांच्या तंबूत १ मीटर ८० सेंटिमीटर उंचीचा माणूस मधल्या अडीच मीटरच्या वर्तुळातच ताठ उभा राहू शकतो. १९.६ पैकी जेमतेम ५ चौरस मीटर! बाकीच्या जागेत वाकावं लागतं. झोपायला आणि सामानाला ती उत्तम, पण पावसात दिवसभर आतच थांबावं लागलं तर हा फरक कळतो. त्यामुळे कनातीची उंची जरूर विचारा. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची कनात असेल तर कडेची जागा कितीतरी उपयोगी होते.

बाहेरच्या जागेचाही विचार हवा. तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, म्हणजे तणावे, चहूबाजूंनी साधारण दीड-दीड मीटर जागा खातात. ५ मीटरच्या तंबूला ८ मीटरची मोकळी जागा लागते. आखून दिलेल्या जागांवर मुक्काम करणार असाल तर त्या जागेचं माप आधी मागून घ्या.

घाट कोणता

गोल, एका खांबाचा तंबू वाऱ्याला चांगला तोंड देतो, कारण त्याला सपाट बाजूच नसते, आणि दोन माणसं तो थोड्याच वेळात उभा करतात. हा घाट जुना आहे. अमेरिकी लष्करातले अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिब्ली यांनी १८५६ मध्ये अशा एका तंबूचं पेटंट घेतलं, आणि त्यामागे मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या टीपींची, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूंची, प्रेरणा होती. अडचण एकच, खांब बरोबर मधोमध येतो.

उभ्या भिंतींचा, खोलीसारखा तंबू आत सगळीकडे उभं राहू देतो, खाटा भिंतीला लागतात. मात्र त्याच्या सपाट बाजूंवर वारा जोरात आदळतो आणि खांब-जोडण्या जास्त असतात. मधे आडवी दांडी असलेला दुपाखी तंबू मजबूत असतो, पण कडेला उंची कमी. हवा भरायच्या नळ्यांचे, सुती मिश्रणाचे तंबूही मिळतात. उभारायला सोपे, पण वजन काही कमी नसतं आणि नळी फुटली तर दुरुस्तीचं साहित्य जवळ हवं. माझ्या मते एका जागी दोन-तीन रात्री राहणाऱ्या कुटुंबाला गोल तंबू सोयीचा, आणि आठवडाभर एकाच ठिकाणी मुक्काम असेल तर उभ्या भिंतींचा.

कापड हातात घेऊन बघा

‘कॅनव्हास’ एवढ्या शब्दावर थांबू नका. धागा कोणता ते विचारा. नुसत्या पॉलिएस्टरच्या जाड कापडाला ‘कॅनव्हाससारखं’ म्हणून विकलं जातं. ते वाईट असतं असं नाही, पण त्याच्याकडून सुती कापडाची अपेक्षा करू नका. सुती कापडालाही आतून प्लास्टिकचा लेप दिला असेल तर वाफ बाहेर जाण्याचा गुण मारला जातो. कापडाच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा: एक बाजू गुळगुळीत, रबरी लागली तर लेप आहे.

निवड मुख्यतः दोनांत असते. शंभर टक्के सुती कापड सगळ्यात चांगलं श्वास घेतं, पण जड असतं, उशिरा वाळतं, बुरशीला लवकर बळी पडतं. पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण, म्हणजे पॉलिकॉटन, त्याच ताकदीला हलकं पडतं, लवकर वाळतं आणि कुजायला कमी तयार असतं. वाफेच्या बाबतीत ते सुतीच्या थोडं मागे असतं, तरी नुसत्या पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी पुढे. अंगण किंवा मोठी गच्ची नसलेल्या घराने पॉलिकॉटनच घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन.

जाडीचा आकडा दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये असतो. काही ठिकाणी तो औंसात दिलेला दिसेल. तो दर चौरस यार्डाचा असतो, त्याला ३४ ने गुणलं की जवळपास ग्रॅम मिळतात. २८० ते ३२० ग्रॅम कुटुंबाच्या सुट्ट्यांना पुरेसं आहे. ३६० आणि वरचं कापड तंबू महिनोन्‌महिने उभा ठेवणाऱ्यांसाठी. शेवटी कापड उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी घट्ट दिसली पाहिजे.

ग्राउंडशीट

शिवून जोडलेली असेल तर पाणी, किडे, साप-विंचू यांना खालून वाट राहत नाही. चेनने सुटी होणारी असेल तर गरम दुपारी कनात चहूबाजूंनी वर गुंडाळता येते, आणि घरी आल्यावर कापड व ग्राउंडशीट वेगळी वाळवता येतात. वजनाचा हिशोब आठवला तर सुटी ग्राउंडशीट का सोयीची ते लक्षात येईल. अशा वेळी तिच्या कडा १०-१५ सेंटिमीटर वर वळलेल्या आहेत ना, हे तेवढं तपासा. कनातीच्या खालच्या कडेला पीव्हीसीची पट्टी असावी, कारण चिखल तिथेच लागतो आणि कापड तिथूनच कुजायला लागतं.

शिवण, चेन, खांब

ताण जिथे येतो तिथे बघायचं: शेंड्याला खांब टेकतो ती जागा, तणावे बांधायच्या कड्या, दाराचे कोपरे. या ठिकाणी कापडाचे जादा थर शिवलेले हवेत. मुख्य शिवणींवर कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टीप मारलेली असावी. दाराची चेन जाड दात्यांची असावी आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून ओढता यावी. एका बाजूला वजन टाकून ती वीसेक वेळा उघडून-मिटून बघा. मुलं तशीच उघडतात. शेंड्याजवळच्या झरोक्यांना जाळी आणि वरून पाऊस अडवणारी झाप असावी. थंडी वाजते म्हणून हे झरोके बंद करू नका.

मेखांची मात्र चिंता करू नका. बरोबर येणाऱ्या मेखा बऱ्याचदा नाजूकच असतात. कठीण जमिनीसाठी जाड लोखंडी मेखांचा एक संच आणि मोगरी वेगळी घ्या.

विस्तवाबद्दल

कॅनव्हास ठिणगीने नायलॉनसारखा वितळत नाही, पण पेटतो. तंबूच्या आत शेगडी, निखारे, कंदील काहीही पेटवू नका, विझत आलेली शेगडीही आत आणू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत माणूस जातो. धुराड्याची चूल बसवता येईल असा तंबू घेणार असाल तर नळी बाहेर काढायची जागा कारखान्यातूनच उष्णतारोधक बनवलेली हवी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत हवाच.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात भिजवा

नवा तंबू सुट्टीला पहिल्यांदा उघडू नका. घराजवळ उभारा, मेखा आणि दोऱ्या मोजा, मग पाइपने सगळीकडून भिजवा आणि पूर्ण वाळू द्या. पहिल्यांदा टाक्यांच्या भोकांतून थेंब येऊ शकतात. पाणी प्यायलेला सुती धागा फुगतो आणि भोक बुजतं, म्हणून दोन-तीनदा भिजवणं-वाळवणं झालं की ठिबक बहुधा थांबते. भिजताना कापड आवळतं, तेव्हा तणावे थोडे सैल करा. साबण लावू नका, पाणी परतवण्याचा गुण त्याने निघून जातो.

तिसऱ्यांदाही एखाद्या शिवणीतून ठिबकत असेल तर तिथे खडूने खूण करा आणि वाळल्यावर त्या टाक्यांवर मेण घासा. पण शिवणीपासून लांब, कापडाच्या मधूनच पाणी झिरपत असेल तर मेणाने भागत नाही, तो तंबू परतच करायचा. भिजवून पाहिलेला तंबू परत घेतात का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधीच लेखी विचारून ठेवा.